आकडा वाचणारी

सक्शन शिकवायला पुतळा लागतो. रबराचा घसा, आत दोन फुगे, चुकलं तर कुणाचं काही जात नाही. नर्सिंग संपवून मी उल्हासनगरच्या ज्या खाजगी हॉस्पिटलात पहिल्यांदा लागले तिथे पुतळा नव्हता. खालच्या हॉलमध्ये भिंतभर फिशटँक होता. माशांना हवा मिळावी म्हणून त्यात रात्रंदिवस बुडबुडे सोडणारी मोटर होती. पुतळ्याचा विषय निघाला की मालक डॉक्टर म्हणायचे, "अरे, पेशंट है ना! असली छोडके नकली पे क्यूं सीखना?" आणि उभे असलेले सगळे हसायचे, कारण मालकांचा विनोद होता.

वरच्या मजल्यावर दुसरं आयसीयू सोमवारी उघडणार होतं. व्हेंटिलेटर खोक्यांतून बाहेर आले होते, ते सांभाळणाऱ्या मुली तयार नव्हत्या. म्हणून आमची बॅच घेतली. एक शहाडची, एक वांगणीची, एक सोनिवलीची, बाकीच्या उल्हासनगर-बदलापूरच्या. नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत. गावावरूनच हाक मारायची. मी अंबरनाथ.

व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या घशात एक जाड नळी असते. ती असली की माणसाला खोकता येत नाही, बेडका वर येत नाही. तो काढला नाही तर माणूस कोरड्या पलंगावर बुडून मरतो. म्हणून त्या जाड नळीतून एक बारीक नळी आत सोडायची. तिच्या मागच्या भोकावर अंगठा ठेवला की ती ओढायला लागते. ओढत ओढत, जरा फिरवत बाहेर काढायची. काम एवढंच. पण बारीक नळी आत असते तेवढा वेळ माणसाला श्वास नसतो, आणि बेडक्याबरोबर त्याच्या छातीतली हवाही ती ओढत असते. शुद्धीवरच्या एका पेशंटनं नंतर पाटीवर लिहून सांगितलं होतं : आतून कोणीतरी गळा दाबतं.

हे शिकवायला मालकांनी एका बाईंना आणलं. मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यांना सगळे मॅडम म्हणायचे, मालकसुद्धा. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला भिंतीला लावून उभं केलं, नाक चिमटीत धरायला लावलं आणि तोंडात शीतपेयाची एकेक स्ट्रॉ दिली.

"घ्या श्वास. एवढ्याच भोकातून. बसायचं नाही."

वांगणीची सगळ्यात आधी रडली. मॅडमनी तिच्या तोंडातली स्ट्रॉ काढली नाही. तिच्या मागच्या टोकावर स्वतःचं बोट ठेवलं. वांगणीचे डोळे बाहेर आले.

"हे सक्शन," मॅडम म्हणाल्या आणि बोट काढलं. "आता लक्षात ठेवा. नळी आत गेली की तुमचा श्वास बंद. तुम्हाला हवा लागली की समजायचं त्यालाही लागलीय. तेव्हा नळी बाहेर. घड्याळ बघायचं नाही, घड्याळ खोटं बोलतं. स्वतःची छाती खोटं बोलत नाही."

मला ते फार आवडलं, हे मी लपवणार नाही. मी असल्या वाक्यांवरच वाढले होते. वडील फॅक्टरीत होते. कामावरून आले की अंबरनाथच्या आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर पत्रकांचे गठ्ठे सुटायचे आणि मी, माझा भाऊ, शेजारची पोरं घड्या घालायला बसायचो. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. 'बंधू-भगिनींनो' हा मी न अडखळता वाचलेला पहिला मोठा शब्द. पत्रकात वर प्रश्न असायचा, मध्ये राग असायचा आणि खाली 'हजर राहा'. मला वाटायचं, जग असंच चालतं. प्रश्न मोठ्यानं विचारला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

ज्याच्यावर आम्ही शिकलो तो माणूस आमच्या आधी दोन-तीन दिवस आला होता. बारवीकडच्या एका पाड्यावरचा, तिशीच्या आतला. भात झोडून खळ्यावरच झोपला होता. मण्यार चावली. मण्यार चावली की दुखत नाही, सूज नाही, कधी कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ आली, मग पापण्या मिटायला लागल्या, मग जीभ जड झाली. टेम्पोतून बदलापूर, तिथून आमच्याकडे. वाटेत श्वास थांबला. विषावरची औषधं दिली, मशीन लावलं, पण तो हलला नाही. डोळ्यांवर बॅटरी मारली तर बाहुली तशीच. नखावर पेन दाबलं तर हात तसाच. पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या म्हणून डोळ्यांवर ओल्या गॉजच्या पट्ट्या ठेवलेल्या. त्या पट्ट्या फार लवकर भिजायच्या. मावशी बदलायची आणि कुरकुरायची, "किती ड्रॉप घालताय गं डोळ्यात?"

मालकांनी त्याच्या बायकोला बोलावून सांगितलं होतं की मेंदूला हवा पोचली नाही, आत काही उरलं नाही. "शनिवार तक देखते हैं. नाही तर घरी घेऊन जा. उगाच त्याचे हाल." ती खाली मान घालून ऐकत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, दंडावर गोंदलेलं. मालक निघून गेल्यावर तिनं मॅडमना विचारलं,

"बाई, तो हाय ना आतमधी?"

मॅडम फाईल चाळत राहिल्या. घरी न्यायचं म्हणजे काय, हे तिला कळलं होतं. मशीनवरून काढलेला माणूस बदलापूरच्या फाटकापर्यंतही पोचला नसता. शनिवारपर्यंत तो आत आहे हे कुणाला तरी दिसायला हवं होतं, आणि कुणीच बघत नव्हतं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरनं मात्र आम्हाला बघून दार उघडं धरलं. "आओ आओ. पुतळा पाहिजे होता ना? आला बघा पुतळा. बारवी मेड."

शहाडची हसली. मग बाकीच्या हसल्या.

मी हात वर केला. खरंच वर केला, शाळेतल्यासारखा. "मॅडम, ह्यांच्या घरच्यांना विचारलंय का?"

"काय विचारायचं?"

"आम्ही सगळ्या ह्यांच्यावर शिकणार आहोत म्हणून."

मॅडम ग्लोव्ह घालत होत्या, घालत राहिल्या. "कुठली तू?"

"अंबरनाथ."

"तिथे काय सगळे वकील राहतात?"

पुन्हा हसू.

"विचारलं तर नाही म्हणतील. नाही म्हटले तर तू कुठे शिकणार? तुझ्या आईच्या घशात?" त्यांनी मॉनिटरकडे बोट केलं. "तिथे उभी राहा. हा वरचा आकडा त्याच्या काळजाचा. मोठ्यानं वाचत राहा. एकशे तीसच्या वर गेला की मी थांब म्हणणार आणि नळी बाहेर. तोंड चालतं ना तुझं, कामाला लाव."

म्हणून मी आकडा वाचणारी झाले. शिक्षा होती ती. बाकीच्या नळी धरायच्या आणि मी रेल्वेतल्या अनाउन्सरसारखी ओरडायचे. शहाड मला पत्रकवाली म्हणायची. माझ्या बॅगेत कायम एखादं तरी पत्रक असायचं आणि तिला डब्यावर अंथरायला कागद लागायचा.

मॅडमचा आणखी एक नियम होता. नळी घालण्याआधी पेशंटला सांगायचं. शब्द ठरलेले. "दादा, नळी घालतेय. खोकल्यासारखं होईल. लगेच काढते."

"पण मॅडम, ह्याला काय कळतंय?" शहाड म्हणाली.

"नाही कळत. तरी बोलायचं. आज ह्याला बोलली नाहीस तर उद्या कळणाऱ्यालाही बोलणार नाहीस. सवय बेशुद्ध माणसावरच लागते."

हेही मला आवडलं. नियम चांगला होता. आता तो कसा वापरला ते सांगते. जी मुलगी वाक्य विसरायची, तिला मॅडम सगळं पुन्हा करायला लावायच्या. वाक्य नव्हे, सगळं. नवी नळी, वाक्य, आत, अंगठा, बाहेर. त्याला न विचारता नळी घातली म्हणून त्याला परत नळी घालायची. शहाड पहिल्याच दिवशी विसरली. मग घाबरून पुन्हा विसरली.

"परत."

"मॅडम, आता काही येतच नाहीये नळीत."

"बेडका नाही शिकवत मी तुला. बोलायला शिकवतेय. परत."

"दादा, नळी घालतेय, खोकल्यासारखं होईल, लगेच काढते," शहाड रडत रडत एका दमात म्हणाली, आणि नळी घातली, आणि मी वाचलं, "एकशे चोवीस. एकशे एकतीस."

"थांब. काढ."

नळीतून जरासं लाल आलं. मॅडमनी ते सगळ्यांना दाखवलं. "हे बघा, घाईचं रक्त." त्याचं रक्त होतं ते. पण त्या घाईचं म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, मीही.

माझी पाळीही झाली. वाक्य बरोबर म्हटलं, श्वास धरला, नळी काढली. मॅडम म्हणाल्या, "हात बरा आहे. तोंड बंद ठेवलंस तर नर्स होशील." तेवढ्यापुरता आकडा वांगणीनं वाचला. मग मी परत मॉनिटरपाशी.

शुक्रवारी दुपारी लाईट गेली होती आणि जनरेटरवर सगळं चालू होतं. मागच्या गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यांची मशीनं बंद पडली होती, त्यामुळे आयसीयूत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिघी राहिल्या होत्या. वांगणीची दुसरी फेरी होती.

"ब्याण्णव," मी वाचलं. "ब्याण्णव. एक्क्याण्णव."

"दादा," वांगणी म्हणाली, "नळी घालतेय."

"एकशे दोन," मी म्हटलं. "एकशे नऊ."

वांगणी थांबली, कारण मी चुकले असं तिला वाटलं. तिच्या हातातली नळी अजून कागदातच होती.

"एकशे चौदा. मॅडम, हिनं अजून हात लावला नाही."

"माहीत आहे मला. गप्प." मॅडम मॉनिटरपाशी आल्या. त्यांच्या अंगाला साबणाचा वास यायचा, तो अगदी जवळून आला. "वाच."

"एकशे सहा. शंभर. पंच्याण्णव."

मॅडमनी सोनिवलीला खूण केली. "तू बोल. नुसतं बोल. पंखा बंद करायला सांग."

"पंखा बंद करा," सोनिवली घाबरत म्हणाली.

"चौऱ्याण्णव. त्र्याण्णव."

"आता म्हण, दादा."

"दादा..."

"अठ्ठ्याण्णव. एकशे सात. एकशे बारा."

मॅडमनी ते आणखी करवून घेतलं. एकदा शहाडकडून, एकदा ड्यूटीवरच्या डॉक्टरकडून, एकदा स्वतः त्याच्या कानाशी वाकून. दर वेळी आकडा पायरीपायरीनं वर चढला आणि नळी आली नाही की पायरीपायरीनं खाली आला. त्याचा चेहरा भिंतीसारखा. हात उशीसारखे. गॉजच्या पट्ट्या ओल्या. मावशी ड्रॉप म्हणायची ते काय होतं, ते त्या खोलीतल्या प्रत्येकीला एकदमच कळलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. शहाडनं तोंडावर हात ठेवला.

आणि मॅडम हसल्या. दुष्टपणानं नव्हे. एवढ्या वर्षांत त्यांना असं काही बघायला मिळालं नसावं. "आहे," त्या म्हणाल्या. "सगळाच्या सगळा आहे. विषानं नुसतं कुलूप लावलंय." डॉक्टरला म्हणाल्या, "फोन लाव सरांना. शनिवार-बिनिवार काही नाही. मशीन काढायचं नाही. मी सांगितलं म्हणून सांग." डॉक्टर पळाला.

मग त्यांनी नवी नळी उचलली. "चला. कोण राहिलंय?"

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणाल्या ते.

"तिघी ना? सोनिवली, तू ये पुढे."

"मॅडम," मी म्हटलं, "ते ऐकतायत."

"ऐकतोय म्हणून तर आज नीट करायचं."

"त्यांना सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून. शहाडनं तीनदा घातली तेव्हाही."

"मग? ऐकतो म्हणून बेडका तयार व्हायचा थांबतो का? नळी तर लागणारच त्याला."

"लागेल तेव्हा घाला ना. एकदा. तुम्ही स्वतः घाला. शिकायला तिघींनी कशाला?"

"आणि सोमवारी वर बेड भरले की? ही सोनिवली तिथे आयुष्यात पहिल्यांदा नळी धरेल, मी नसेन. त्या माणसाचं काय? तो तुझ्या ओळखीचा नाही म्हणून त्याला घसा नाही?"

ह्याला उत्तर होतं माझ्याकडे. आजही तेच आहे. "पुतळा आणा," मी ओरडले. "खाली माशांना हवा द्यायला मोटर आहे आणि इथे पुतळा नाही! पाड्यावरचा माणूस आहे म्हणून चालतं तुम्हाला. सरांचा भाऊ असता तर सगळ्या बॅचनं घातली असती नळी?"

मी बोलत राहिले. माणूस, हक्क, परवानगी, असे सगळे शब्द मी वापरले. ते शब्द खरे होते. पत्रकात असतात म्हणून काही खोटे होत नाहीत.

मॅडमनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? तुझ्या पत्रकानं त्याचा बेडका निघणार का?" आणि दाराकडे बोट. "बाहेर."

"मॅडम, मी आकडा..."

"आकडा मला दिसतो. मला डोळे आहेत. बाहेर."

मावशीनं माझा दंड धरून मला बाहेर काढलं. तिचा हात मऊ होता. "कशाला गं पोरी," एवढंच ती म्हणाली.

दाराबाहेरच्या बाकड्यावर त्याची बायको बसली होती. आतला आरडाओरडा तिनं ऐकला होता. ती उभी राहिली. शनिवार तिच्या तोंडावर लिहिलेला होता.

"आहेत," मी तिला सांगितलं. "आत आहेत. सगळं ऐकतात. मशीन काढणार नाहीत."

तिला दोनदा सांगावं लागलं. मग ती दाराकडे धावली. वॉचमननं आडवा हात घातला. "टायमिंग पाच ते छे. पढा नहीं क्या?" तिला वाचता येत नव्हतं, आणि पाटी इंग्रजीत होती. मी वॉचमनशी भांडले. त्याला ऐकायची सवय नव्हती, माझी बोलायची संपत नव्हती. तेवढ्यात ती खाली बसली, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि मोठ्यानं बोलायला लागली. भात सगळं आत घेतलंय. म्हातारी बरी हाय. पाड्यावरचे समदे ईचारतात. तू ये. तू ये रे घरी. बोलता बोलता तिचा आवाज चढला, आणि आमच्याकडे बायका मयतावर जशा एक सूर लावून बोलतात, तसा झाला. आनंदाचंच होतं ते. पण सूर तिच्याकडे तो एकच होता.

दाराच्या काचेतून मला सोनिवलीची पाठ दिसत होती. तिचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले. श्वास धरला होता तिनं. मॅडम मॉनिटरकडे बघत होत्या, न बोलता. तिघी झाल्या. तिघी पास झाल्या.

संध्याकाळी मालक आले. मॅडमनी त्यांना आकडा दाखवला. दाखवायचं म्हणजे परत कुणीतरी "दादा" म्हणायचं, आणि त्याचं काळीज घाबरून वर चढायचं, आणि मालकांनी "वाह!" म्हणायचं. बायकोला त्यांनी हात जोडू दिले. "मैंने बोला था ना, शनिवार तक रुको? मी सांगितलं होतं की नाही?" ती म्हणाली, हो.

शनिवार आला आणि गेला. सोमवारी वरच्या मजल्यावर फीत कापली. शहाड आणि सोनिवली वर गेल्या. मला मॅडमनी खालीच ठेवलं. वर प्रत्येक बेडशी सक्शनच्या वेळी एक मुलगी आकडा मोठ्यानं वाचायला उभी राहील, असा नियम त्यांनी केला. माझ्या शिक्षेची त्यांनी पद्धत केली. चांगली पद्धत आहे, मी मानते. पुतळा मी तिथे होते तोवर आला नाही.

त्याचं कुलूप हळूहळू निघालं. आधी पायाचा अंगठा, मग भुवई, मग बोटं. एके दिवशी पापण्या उघडल्या. मशीन सुटलं. घशातली नळी निघाली, तेव्हा आवाजाच्या जागी नुसती फुसफुस होती. मॅडमनी सगळ्या बॅचला बोलावलं. त्यांचा खरंच अभिमानाचा दिवस होता तो. पलंगाभोवती आम्ही उभ्या राहिलो आणि मॅडम त्याच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाल्या,

"दादा, ओळखलं का ह्या मुलींना?"

त्याचा हात पलंगाच्या दांडीवर आवळला. तोंड घट्ट मिटलं, इतकं घट्ट की ओठ पांढरे झाले. मॉनिटर अजून लावलेला होता. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. आता वाचायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी वाचलंही नाही. एकशे अठरा होता.

मॅडमनी हात काढला. "चला, चला," त्या म्हणाल्या, "पेशंटला आराम करू द्या." त्या दिवसानंतर त्या त्याला कधीच दादा म्हणाल्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत.

घरी जायच्या आदल्या दिवशी माझी ड्यूटी होती. बायको त्याला चमच्यानं पेज भरवत होती. मी औषधाची वेळ सांगितली तसा त्यानं चमचा बाजूला केला.

"बोल परत," तो म्हणाला. आवाज अजून घोगरा होता.

"काय बोलू?"

"हां. तूच ती. आकडं वाचायचीस."

मी मान हलवली. मग लक्षात आलं, ह्याला माझी मान माहीत नाही, आवाज माहीत आहे. "हो, मीच."

"आकडा वर गेला का ती म्हातारी थांब बोलायची. मना काय हलवता येय ना. मंग मी पडल्या पडल्या आकड्याची वाट बघायचो. तू एकशे वीस बोललीस का वाटायचा, आता सुटलू. जरा अजून. जरा अजून." त्यानं बायकोकडे बघितलं, जणू तिला समजावून सांगत होता. "ही पोरगी माज्या बाजूनं ओरडते, असा वाटायचा."

मी औषध वाटीत ओतलं.

"मंग त्या दिशी तू लय बोललीस. भांडलीस. समदा आयकला मी."

"हो."

"मंग बंद झालीस."

"मला बाहेर काढलं."

"ता आयकला." तो थांबला. श्वास घ्यायला त्याला अजून थांबावं लागायचं. "पन आकडा बंद झाला ना. कोनच वाची ना. मी वाट बघतंय, बघतंय. आनि नळी तर येतेच हाय. आनि लांबसून हिचा आवाज, मयतावर रडतात तसा." त्यानं बायकोकडे हनुवटी केली. "तवा मना वाटला, मी मेलो. म्हटला, आकडा नाय म्हंजे काळीज बंद झाला आसंल. मेलो, तरी नळी घालतातच हायत. म्हटला, मेल्यावं पन सोडत नाय ही मानसं."

बायकोनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. खांदे हलत होते तिचे. "येडाच हाय," ती म्हणाली, "मी बोलवीत होते त्याला, नि हा मेला." तोही हसायला लागला, आणि हसता हसता त्याला खोकला आला.

मोठा, ओला, छातीच्या तळातून आलेला खोकला. मी सवयीनं पुढे झाले. बायको आडवी आली. माझ्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली, हातात पेजेचा चमचा. तो खोकत राहिला, लाल झाला, वाकला. मग त्यानं उशाचं फडकं ओढलं, त्यात थुंकला आणि फडकं माझ्यासमोर उघडं धरलं.

"बघ," तो म्हणाला. "माजा मीच काढला."